मुलासाठी आधी कुठे जायचं: डीव्ही अ‍ॅक्ट की फॅमिली कोर्टात कस्टडी?

चार वर्षांपूर्वी हा निर्णय मला घ्यावा लागला, मुलगा तेव्हा दुसरीत होता. मार मी खायचे, पण दाराआडून बघायचा तो, आणि सकाळी मी डबा भरत असताना हळूच विचारायचा, "आई, आज बाबा उशिरा येणारेत ना?" नाशिकचं घर सोडून माहेरी कोथरूडला आले तेव्हा वकीलबाईंनी दोन रस्ते सांगितले, एक मॅजिस्ट्रेटकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली (डीव्ही अ‍ॅक्ट) अर्ज, दुसरा फॅमिली कोर्टात कस्टडीचा म्हणजे मुलाच्या ताब्याचा दावा.

फॅमिली कोर्टाची बाजू कमी नाहीये. मुलाचा कायमचा ताबा तिथेच ठरतो, डीव्हीतला कलम २१ चा ताबा तात्पुरताच असतो. समुपदेशक असतात, मूल कळत्या वयाचं असेल तर त्याला काय वाटतं तेही कोर्ट विचारात घेतं. मारहाण नाहीये, वाद फक्त मूल कोणाकडे राहणार एवढाच आहे, अशांनी सरळ तिकडेच जावं.

माझं घोडं अडलं ते शाळेच्या गेटवर. एका दुपारी रिक्षावाल्या काकांचा फोन, "ताई, साहेब आलेत, म्हणतात मी नेतो पोराला, काय करू?" मी कर्वे रोडवरून कशी पोचले मला आठवत नाही, पोचले तर मुलगा रिक्षाच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसलेला, दप्तर पाठीवर तसंच. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, वडील आहेत, आम्ही कसं अडवणार, कोर्टाचा कागद आणा." त्या रात्री झोप लागली नाही. मला निकाल नको होता, गेटवर दाखवायला एक कागद हवा होता, लवकर.

अंतरिम म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश कस्टडीच्या दाव्यातही मागता येतो, पण तो दावा मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात लावायचा असतो, आणि आम्हाला पुण्यात येऊन दोनच महिने झालेले, नाशिक की पुणे ह्यावरच तारखा जातील असं वकीलबाई म्हणाल्या. डीव्हीत बाई तात्पुरती जिथे राहतेय तिथेही अर्ज चालतो, माहेरचा पत्ता पुरला. कलम २३ खाली शपथपत्रावर एकतर्फी, म्हणजे समोरच्याला न ऐकताही, अंतरिम आदेश मिळू शकतो. मला दुसऱ्या सुनावणीला मिळाला, प्रत्येकीला इतक्या लवकर मिळेलच असं नाही, आणि कायद्यात ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा असं असलं तरी माझी मूळ केस बरीच लांबली.

अर्ज लिहिताना एक कराच, मुलाचं नाव पीडित म्हणून घाला आणि शाळेचं नाव पत्त्यासकट लिहा. कलम १८ च्या संरक्षण आदेशात, पीडित मूल असेल तर, त्याच्या शाळेत जायला मनाई करता येते. मुलाचा ताबा आणि भेटीचा मुद्दाही वेगळा मागा, कारण बापाची भेट मुलाला घातक ठरेल असं मॅजिस्ट्रेटना वाटलं तर ती नाकारायचीच असं कलम २१ म्हणतं. आदेशाची प्रत पोलीस स्टेशनलाही जाते, आणि संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कळल्यावर मुलाचे बाबा परत गेटवर आले नाहीत.

घटस्फोटाची केस आधीच फॅमिली कोर्टात चालू असेल तर हेच आदेश कलम २६ खाली तिथेही मागता येतात, दोन कोर्टं फिरायची गरज नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आणि घरात मुलाला सांभाळणारं कोणीच सुरक्षित नसेल तर १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा, तो मार्ग अशा मुलांचं बघणाऱ्या बाल कल्याण समितीकडे जातो.

कस्टडीचा दावा मी नंतर वर्षभराने टाकला, तो अजून चालू आहे. डीव्हीच्या आदेशाच्या मात्र त्याच दिवशी कोर्टाबाहेर चार झेरॉक्स काढल्या, एक शाळेत, एक आईकडे, एक माझ्या पर्समध्ये, आणि एक रिक्षावाल्या काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवली, अजून तिथेच असते.