सीए न लावता पहिला आयटीआर-४ भरला, आता पुढचं वर्ष संपत आलं तेव्हाचा अनुभव

नोकरी सोडून इंटिरिअरची स्वतःची कामं घ्यायला लागले त्याचं पहिलं पूर्ण वर्ष म्हणजे २०२४-२५. नोकरीत असताना काय, फॉर्म १६ हातात यायचा, आयटीआर-१ उघडला की सगळं आधीच भरलेलं असायचं, दोनदा ओके केलं की झालं. यावेळी ओळखीच्या सीएने अडीच हजार सांगितले, जास्त नाहीत खरं तर, पण मला बघायचंच होतं की आपल्या पैशाचं नक्की होतं काय. आयटीआर-४, म्हणजे ठरावीक टक्के नफा धरून छोट्या धंदा-व्यवसायवाल्यांनी भरायचा फॉर्म, ऑगस्ट २०२५ मध्ये भरला, रिफंड आला, इंटिमेशनही (खात्याने रिटर्न तपासल्याचं पत्र) आलं, आता पुढच्या वर्षाचा मार्च जवळ आलाय, म्हणून म्हटलं लिहावं.

आधी मुद्द्याचं. फॉर्म अवघड नाहीये हो, एका संध्याकाळचं काम आहे. अवघड आहे तो एकच आकडा, वर्षभरात धंद्यातून एकूण किती आले तो, आणि नेमका तोच पोर्टलला माहीत नसतो. माझे त्या वर्षी १५ लाख २० हजार आले. त्यातले ४ लाख २० हजार एका बिल्डरकडून, त्यांनी १९४जे (व्यावसायिक फीवर टीडीएस कापायचं कलम) खाली १० टक्के म्हणजे ४२ हजार टीडीएस कापला. एका ऑफिसचं काम १ लाख ८० हजारांचं, त्यांनी काय विचार केला देव जाणे, १९४सी (कंत्राटदारांचं कलम) खाली १ टक्का कापला, १८०० रुपये. बाकी ९ लाख २० हजार साध्या घरवाल्यांचे, टू बीएचके, किचन, देवघर, असली कामं, त्यांना टीडीएस कापायचाच नसतो. म्हणजे पोर्टलवर एआयएस (आपल्या वर्षभराच्या व्यवहारांचं माहितीपत्रक) उघडलं तर दिसतात ६ लाख, आणि खरे १५ लाख २०. नोकरीची सवय असलेला माणूस पोर्टलवर दिसतं तेच खरं धरतो आणि तिथेच फसतो, कारण उरलेलं आपणच लिहायचं असतं.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ गेला तो बँक स्टेटमेंट आणि माझी साईटची वही जुळवण्यात. आमच्या धंद्यात एक भानगड अशी की क्लायंट म्हणतो, मॅडम प्लाय-लॅमिनेटचे पैसे तुमच्याच खात्यात टाकतो, तुम्हीच दुकानदाराला द्या, सुतारालाही तुम्हीच द्या. मग खात्यात दोन लाख येतात आणि चार दिवसांत निघून जातात, आणि ते कमाई धरायचे का हा प्रश्न पडतो. माझ्याकडे दुकानाची बिलं क्लायंटच्या नावावर होती आणि मी त्यावर रुपयाही वर घेतला नव्हता, म्हणून ते धरले नाहीत, पण प्रत्येक रकमेसमोर कोणाचं बिल ते लिहून ठेवलंय, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला. ज्यांची सगळी कामं टर्नकी आहेत, मटेरियलसकट एकच रक्कम घेतात, त्यांचं गणित वेगळं, ते ४४एडी (धंद्यात ठरावीक टक्के नफा धरायचं कलम) मध्ये धंदा म्हणून जाईल, तिथे डिजिटल रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरतात. स्वतःचं काम कशात बसतं हे आधी ठरवा, बाकी सगळं त्यावर आहे. मी तर आता क्लायंटना सांगूनच टाकलंय, दुकानदार आणि सुताराचे पैसे थेट त्यांनाच द्या, माझ्याकडे फक्त डिझाईन फी. कटकटच नको.

मी भरलं ते ४४एडीए खाली, म्हणजे व्यावसायिकांसाठी ठरावीक नफा धरायचं कलम. इंटिरिअर डेकोरेशन ४४एडीएच्या यादीत नाव घेऊन आहे, वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट यांच्यासोबत, म्हणून मला शंका नव्हती. यात ५० लाखांपर्यंत, आणि रोखीने आलेले पैसे ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांपर्यंत, एकूण मिळकतीचे निम्मे नफा धरतात आणि त्यावरच टॅक्स. पेट्रोल, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, सँपल, सगळा खर्च त्या उरलेल्या निम्म्यात आला असं समजतात, वेगळा काही मागायचा नाही. मला हे फार आवडलं, कारण माझा खरा खर्च निम्म्यापेक्षा बराच कमी आहे. ज्यांचा जास्त आहे, मोठं भाडं, दोन-तीन माणसं पगारावर, त्यांनी मात्र सीए गाठावा. ५० टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवायचा आणि एकूण उत्पन्न टॅक्स लागण्याच्या वर असेल तर वह्या ठेवा, ऑडिट करा, ते घरी बसून करायचं काम नाही.

माझा हिशोब असा झाला: १५.२० चे निम्मे ७ लाख ६० हजार, एफडी आणि बचत खात्याचं व्याज १८ हजार, एकूण ७ लाख ७८ हजार. नवीन रिजीममध्ये (दर कमी, वजावटी जवळपास नाहीत अशी करपद्धत) टॅक्स २७,८००, वर ४ टक्के सेस, झाले २८,९१२. टीडीएस कापला गेलेला ४३,८००. म्हणजे १४,८९० रिफंड. जुन्या रिजीममध्येही लावून बघितलं, एलआयसी-पीपीएफ मिळून दीड लाखाची वजावट घेऊनसुद्धा ३९,६२४ येत होते, मग कशाला. नवीन रिजीम आता आपोआपच असते, जुनी हवी तर धंदा-व्यवसायवाल्यांना मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि नोकरदारांसारखं दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत. हे घाईत टिक करायचं खातं नव्हे.

फॉर्ममध्ये एक जागा आहे जिथे नवीन माणूस हमखास अडकतो, फायनान्शियल पर्टिक्युलर्स. ताळेबंद नाही पण ३१ मार्चला तुमच्याकडे हातात रोख किती, क्लायंटकडून येणी किती, तुम्ही कोणाचं देणं लागता, माल किती, एवढं विचारतात. माझ्याकडे माल शून्य, येणी मात्र होती, एक किचनवाले गृहस्थ शेवटचा हप्ता सोडायला तयारच नव्हते (दिला शेवटी, दिवाळीत). मनाचे आकडे टाकू नका, वही असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. मिळकतही चेक-ऑनलाईन किती आणि रोख किती अशी फोडून लिहायची असते.

टीडीएसचं सांगते, कारण इथे फॉर्मपेक्षा माणसं सांभाळावी लागतात. त्या ऑफिसवाल्यांनी १८०० कापले होते पण २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा) मध्ये दिसतच नव्हते. फोन केला तर "मॅडम, आमचे अकाउंटंट गावाला गेलेत." पुढच्या आठवड्यात तेच उत्तर. कापलेला टीडीएस सरकारकडे तुमच्या पॅनवर दाखवायचं काम कापणाऱ्याचं असतं, आणि तो दिसेपर्यंत क्रेडिट मागितलं तर ते अडकतं. जानेवारी ते मार्चचं टीडीएस रिटर्न भरायला त्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते, म्हणून जूनचा दुसरा पंधरवडा उजाडल्याशिवाय मी आता रिटर्नला हातच लावणार नाही. एप्रिलमध्ये भरून मोकळं होणारे उत्साही लोक मला कळत नाहीत. गेल्या वर्षी तर मुदतच ३१ जुलैची १५ सप्टेंबर आणि मग आणखी एक दिवस वाढून १६ झाली होती. त्या ऑफिसचे अकाउंटंट गावाहून आले एकदाचे, दुरुस्ती झाली, मग मी भरलं.

सबमिट केलं म्हणजे संपलं नाही, ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं, म्हणजे रिटर्न आपणच भरलंय हे ऑनलाईन पक्कं करायचं. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीने लगेच होतं. रिफंडसाठी बँक खातं पोर्टलवर आधी प्रीव्हॅलिडेट (तपासून पक्कं) करून ठेवा, खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव जुळायला हवं, लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींनी हे आधी तपासा. रिफंड सप्टेंबरमध्ये आला, वर एप्रिलपासून महिना अर्धा टक्का धरून व्याज ४४४ रुपये. त्या ४४४ वर यंदा टॅक्स, म्हणजे उत्पन्नात दाखवायचे. ते इंटिमेशन (कलम १४३(१) चं) मेलवर पीडीएफ येतं, पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. रिफंड मंजूर झालाय, लिंकवर क्लिक करा असे मेसेज त्याच सुमारास फार येतात, त्यांना हात लावू नका.

यंदाचं, म्हणजे २०२५-२६ चं, चित्र बदललंय. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट (टॅक्समध्ये सूट) आल्यामुळे ४४एडीएवाल्याला साधारण २४ लाखांच्या मिळकतीपर्यंत टॅक्स शून्य येऊ शकतो. पण २४ ऐकून खूश होऊ नका, सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या पुढे जीएसटी नोंदणी लागते. टॅक्स शून्य असला तरी व्यवसायाची मिळकत १० लाखांवर गेली की रिटर्न भरावंच लागतं, आणि कापलेला टीडीएस परत हवा असेल तर भरायलाच हवं. टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा जास्त टॅक्स निघत असेल तर १५ मार्चपर्यंत अॅडव्हान्स टॅक्स, आपल्याला चार हप्ते नाहीत, एकदाच सगळा. माझी एक आर्किटेक्ट मैत्रीण आहे, तिचे क्लायंट सगळे बंगलेवाले, टीडीएस कोणीच कापत नाही, तिला हे दरवर्षी करावं लागतं.

महाराष्ट्रातल्यांसाठी अजून एक, याचा आयटीआरशी संबंध नाही पण नोकरी सोडली की कोणी सांगत नाही. पगारातून कापला जायचा तो प्रोफेशन टॅक्स आता आपण स्वतः भरायचा, पीटीईसी (प्रोफेशन टॅक्सची स्वतःची नोंदणी) नंबर घेऊन वर्षाला २५०० रुपये, ३० जूनपर्यंत.

आणि नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतोय, कलमांचे नंबर बदलणार, पण २०२५-२६ च्या कमाईचं रिटर्न जुन्याच कायद्याखाली जाणार आहे, त्यामुळे वर लिहिलेले ४४एडीए, १९४जे हेच शोधा.