एकाच भुलीत हृदय आणि मान: आठ वर्षांनंतरचा अभिप्राय

वडिलांची बायपास आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मानेतील कॅरोटिड धमनीची सफाई या दोन्ही शस्त्रक्रिया आठ वर्षांपूर्वी एकाच भुलीत झाल्या. या जोडशस्त्रक्रियेचा हिशेब पुढच्या वर्षांतच लागतो, म्हणून अभिप्राय आज लिहीत आहे.

निर्णयाच्या बाबतीत त्या शल्यविशारदांना मी पूर्ण गुण देतो. शस्त्रक्रियेच्या आधी एकदा सही करताना वडिलांच्या उजव्या हातातून पेन गळून पडले आणि दहा मिनिटांत हात पूर्ववत झाला. तपासणीत डावी कॅरोटिड फार अरुंद झालेली निघाली, आणि अँजिओग्राफीत बायपासही टाळता येणार नाही असे दिसले. अशी मेंदूची लक्षणे दिसून गेली असतील तर धमनी साफ करण्याचा फायदा पक्का आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत, धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद असलेल्या अशा रुग्णांत, दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात केवळ औषधांवर २६ टक्क्यांना, तर शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना झाला. लक्षणेच नसतील तर गोष्ट वेगळी. कॅबॅक्स चाचणीतील अशा १२९ रुग्णांत ३० दिवसांतील पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण जोडशस्त्रक्रियेनंतर १८.५ टक्के, तर नुसत्या बायपासनंतर ९.७ टक्के होते. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने चाचणी लवकर थांबली आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही, तरी पाच वर्षांनंतरही जोडशस्त्रक्रियेचा फायदा दिसला नाही. म्हणून ‘आमच्या रुग्णाला मेंदूची लक्षणे होती का?’ हा प्रश्न संमतिपत्रावर सही करण्याआधी जरूर विचारावा.

आयसीयूतील काळजी उत्तम होती. वडील शुद्धीवर येताच, मेंदूला किंवा मानेतल्या नसांना इजा झाली नाही ना हे पाहण्यासाठी, परिचारिकेने त्यांना जीभ बाहेर काढायला, हसायला आणि दोन्ही हातांनी तिची बोटे दाबायला सांगितले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मी काचेतून पाहिला. मात्र जबड्याखालची त्वचा बधिर राहू शकते, हे कोणीच सांगितले नव्हते. कित्येक महिने दाढी करताना कापलेले त्यांना टॉवेलवरचे रक्त पाहूनच कळत असे.

माझी खरी तक्रार फॉलोअपची आहे. डिस्चार्जच्या कागदावर हृदयासाठी पूर्ण पान होते आणि मानेसाठी टाके काढण्याची एक ओळ. साफ केलेली धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते आणि दुसऱ्या बाजूचीही बिघडू शकते, तरी डॉप्लरचा, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीचा, त्यात उल्लेखच नव्हता. पहिली डॉप्लर आम्ही दोन वर्षांनी स्वतःहून दुसरीकडे करून घेतली. बायपाससाठी जोडलेली छातीची धमनी दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जणांत चालू असते, पायातून काढून जोडलेल्या शिरा मात्र तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडतात. त्यामुळे ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या नियमित का घ्यायच्या, हे रुग्णाला बसवून समजावणे हासुद्धा या सेवेचाच भाग आहे, आणि तिथे ते झाले नाही.

गेल्या महिन्याच्या डॉप्लरमध्ये डावी बाजू मोकळी आहे, उजवी थोडी अरुंद. पुढच्या तपासणीची तारीख वडिलांनी स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर लिहिली आहे.