पोरांची फुटबॉल अकादमी: कप एकही नाही, तरी पाचपैकी चार स्टार

आधीच सांगते, हा रिव्ह्यू "कोच खूप फ्रेंडली, माझा मुलगा खूप एन्जॉय करतो, थँक्यू टीम" टाइपचा नाहीये, तसले ढिगाने पडलेत आणि ते वाचून कुणालाच काही कळत नाही. पुण्यात वाकड साइडला टर्फवर (खोट्या गवताच्या मैदानावर) चालणारी ही अकादमी, माझी दोन्ही पोरं जातात, मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी आठची, आता दुसरा सीझन चालूये. माझं माहेर कोल्हापूर, शिवाजी पेठ. शाहू स्टेडियमवर शिवाजी विरुद्ध पाटाकडील (दोन्ही कोल्हापूरच्याच फुटबॉल टीम) मॅच असली की आमच्याकडं दुपारची जेवणं लवकर उरकायची आणि संध्याकाळी कोण कुणाशी बोलणार नाही हे निकालावर ठरायचं. त्यामुळं हरण्या-जिंकण्याची ईर्षा काय असते ते मला कुणी शिकवायची गरज नाही. पण ती मोठ्यांची. आठ-दहा वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती करणारी माणसं कमी आहेत, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी कुठलाही क्लास बघायला गेले की एकच बघते, तासाभरात पोराच्या पायात बॉल किती वेळ असतो. मुलगा आधी जिथं जायचा (नाव नको) तिथं सुरुवातीला ग्राउंडला राउंड, मग गोल उभं राहून स्ट्रेचिंग, मग पंधरा पोरांची एक लाइन, पुढं कोन लावलेले, एकाचं झालं की दुसरा, बाकीचे मागं एकमेकांच्या टोप्या ओढतायत. शेवटची दहा मिनिटं मॅच, त्यात दोन मोठी पोरं खेळणार आणि उरलेली मागं धावणार. तासाभरात लेकाच्या पायाला बॉल किती वेळा लागला ते बोटांवर मोजता यायचं आणि फी मात्र पूर्ण तासाची.

इथं पोर आत गेलं की बॅग टाकायची नि बॉल घ्यायचा. कोण आलंय कोण यायचंय याची वाट बघत कुणी उभं नाही. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाकडं स्वतःचा बॉल, सगळे एकाच चौकोनात ड्रिबल करतायत, सर मधेच ओरडतात "डावा पाय!", मग "तळव्याने!", मग "बॉल बदला!" आणि नुसता गोंधळ. मग एकास एक, दोनास दोन. मग रोंडो, म्हणजे बाहेर चार-पाच जण पास देणारे आणि मधे एकदोघं हिसकावणारे. आणि शेवटचा अर्धा तास चारास चार मॅच, छोटे गोल, टर्फचे तीन भाग करून तीन मॅच एकदम चालू. लाइन हा प्रकार मला इथं फक्त पाणी प्यायच्या वेळी दिसलाय.

चारास चार बघून काही पालकांना वाटतं हे काय, हा खरा फुटबॉल नाही, अकरा-अकरा कधी खेळणार. अहो, मँचेस्टर युनायटेडनं त्यांच्या नऊ वर्षांखालच्या पोरांवर हेच करून मोजलं होतं, आठास आठच्या जागी चारास चार खेळवलं तर पास १३५ टक्के वाढले, गोलवर मारायचे प्रयत्न २६० टक्के, ड्रिबलिंगचे प्रकार २८० टक्के. ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि जर्मनीने तर २०२४-२५ च्या सीझनपासून देशभर नियमच करून टाकला, सगळ्यात लहान पोरांचं दोनास दोन किंवा तीनास तीन, चार छोटे गोल. चार वेळा वर्ल्ड कप जिंकलेला देश सहा वर्षांच्या पोराला मोठ्या ग्राउंडवर उभं करत नाही आणि आपल्याकडं शाळेच्या टीममधल्या दुसरीच्या पोराला लेफ्ट बॅक म्हणून (मागं डाव्या बाजूला) उभं करतात, ते बिचारं चाळीस मिनिटं गवत उपटत बसतं.

कोचिंगची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडली. मुख्य सर एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) सी लायसन्सवाले आहेत, हाताखालच्या दोन लहान सरांकडं एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघ) डी लायसन्स आहे (विचारलं तर दाखवतात, तुम्ही पण जिथं जाल तिथं विचारा, लाजू नका). पण लायसन्स भिंतीवर लावून काही होत नाही. हे सर मॅच चालू असताना फार बोलतच नाहीत. बाकी ठिकाणी कोच म्हणजे रेडिओ, "पास दे, पास दे, मार, मागं ये, अरे मागं ये!" पोराला डोकं चालवायची वेळच येत नाही, सरांच्या रिमोटवर पळतं. इथं एखाद्याने बॉल घालवला की सर त्याला बाजूला घेऊन विचारतात, "बॉल यायच्या आधी तू काय बघितलंस?" माझा मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "बॉल." सर म्हणाले, "बॉल तर मला पण दिसत होता, मागं कोण होतं?" आता घरी टीव्हीवर मॅच लागली की हा कार्टा मिडफिल्डरची (मधल्या फळीतल्या खेळाडूची) मान बघत बसतो, "आई बघ, बॉल यायच्या आधी दोनदा मागं बघितलं त्यानं." याच्यावर नॉर्वेचे गेर यॉर्डेट म्हणून संशोधक आहेत त्यांनी इंग्लंडच्या लीगमधले खेळाडू कॅमेऱ्यावर टिपून अभ्यास केलाय, बॉल मिळण्याआधी जे जास्त वेळा मान वळवून बघतात त्यांचे पास जास्त पोचतात, आणि चेल्सीचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड त्यात सगळ्यांच्या वर होता. मान वळवायला उंची लागत नाही, ताकद लागत नाही. पण कुणीतरी नवव्या-दहाव्या वर्षी ती सवय लावावी लागते.

आता टूर्नामेंटचं. इथंच पालकांच्या ग्रुपवर महाभारत झालं म्हणून सविस्तर लिहिते. डिसेंबरमधे एका टर्फवर बारा वर्षांखालची टूर्नामेंट होती, आपली पोरं पहिल्याच मॅचला पाच-शून्य हरली. समोरच्या टीमचा डाव एकदम साधा, गोलकीपरने लांब किक मारायची आणि पुढं एक मिसरूड फुटलेला "बारा वर्षांचा" स्ट्रायकर उभा, त्याने आमच्या पोरांना खांद्याने बाजूला करून गोल मारायचा. आपल्या पोरांना सरांनी सांगितलेलं, मागून पास करत यायचं, बॉल उडवायचा नाही. त्यात दोन गोल तर आपणच वाढून दिले, गोलकीपरने छोटा पास दिला, डिफेंडरकडून हिसकावला, गोल. बाजूने एक बाबा ओरडतायत "अरे उडव! उडव ना!" आणि सर हाताची घडी घालून उभे, गोलकीपरला म्हणाले, "परत तसाच दे." मला तिथं त्या माणसाबद्दल खरंच आदर वाटला, कारण पालक मागं उभे आहेत, फी भरणारे, आणि उडव म्हणून सांगणं किती सोप्पं होतं.

रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. "एवढी फी घेता, रिझल्ट कुठाय", "माझ्या मुलाला स्ट्रायकर ठेवा, तो बॅक का खेळतोय", "दुसऱ्या अकादमीने तीन कप आणले." सरांनी एकच मेसेज टाकला की बारा वर्षांखाली सगळे सगळ्या पोझिशन खेळणार, सगळ्यांना सारखा वेळ मिळणार, गोलकीपर पण फिरता राहणार, ज्यांना हे चालणार नाही त्यांची उरलेली फी परत मिळेल. तीन-चार जण गेले पण. मी राहिले. नॉर्वेत पोरं अकरा वर्षांची होईपर्यंत पॉइंट टेबलच लावत नाहीत, आणि तिथनंच हालांडसारखा स्ट्रायकर आला, कुणाचं काही अडलं नाही.

त्या मिसरुडवाल्यावर थोडं. वय चोरणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे, त्याच्यासाठी एआयएफएफच्या स्पर्धांना मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, टीडब्ल्यूथ्री म्हणतात त्याला. गल्लीतल्या टर्फ टूर्नामेंटला कोण एक्सरे काढणार! पण चोरी सोडा, खऱ्या जन्मतारखेत पण घोळ आहेच, कटऑफ १ जानेवारी धरला तर जानेवारीतलं आणि डिसेंबरमधलं पोर एकाच गटात येतं आणि दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. त्या वयात वर्ष म्हणजे केवढं! जगभरच्या अकादम्यांमधे कटऑफनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त सापडतात, टॅलेंट काय महिना बघून येत नाही, कोच उंची बघून निवडतात एवढंच. माझा मुलगा नोव्हेंबरचा, वर्गात पण पहिल्या रांगेत उभा राहणारा, त्यामुळं हे मला जास्त टोचतं. इथं महिन्यातनं एकदा वयाऐवजी अंगाने साधारण सारखी पोरं एकत्र करून खेळवतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगवाल्यांनी २०१५ च्या सुमाराला हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. त्या दिवशी आमचं ध्यान वेगळंच खेळतं, आणि दांडग्या पोरांना पहिल्यांदा कळतं की नुसतं ढकलून भागत नाही.

हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, लहानांना शिकवतच नाहीत. इंग्लंडमधे २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या पोरांना प्रॅक्टिसमधे हेडिंग द्यायचं नाही असं ठरलंय, अमेरिकेत त्याच्या आधीपासून. सरांना कारण विचारलं तर पाच मिनिटं नीट समजावलं. आवडलं.

वॉर्म-अपबाबत मात्र तक्रार आहे. फिफाचा लहान मुलांसाठी तयार केलेला फुकटचा प्रोग्राम आहे, इलेव्हन प्लस किड्स, एका पायावर तोल सांभाळणं, उड्या, नीट पडायला शिकणं असलं, वीस मिनिटांत होतो. चार देशांत जवळपास चार हजार पोरांवर तपासलाय, दुखापती ४८ टक्के कमी झाल्या. सुरुवातीला इथं तो नियमित व्हायचा, आता लहान सर घाईत असले की गायब. उंची वाढायच्या वयात पोरांचे गुडघे दुखतात, आमच्या बॅचमधे दोघं त्याच कारणाने बाहेर बसलेत, वॉर्म-अप केला असता तर ते थांबलंच असतं असं मी म्हणत नाही, पण जे येतं ते करायला काय जातं?

मुलीच्या बॅचचं म्हणाल तर लहान गटात मुलगे-मुली एकत्र आहेत आणि ते छान चाललंय, पण पोरी चारच. दहाच्या वर गेल्यावर मुलींची वेगळी बॅच "संख्या झाली की सुरू करू" असं उत्तर आहे. संख्या आपोआप कशी होणार हो? २०२२ ला मुलींच्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची फायनल आपल्या नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, आणि इथं जवळपासच्या कुठल्या शाळेत जाऊन अकादमीने अजून एक साधा डेमो घेतलेला नाही. अर्धा स्टार इथं कापला.

उरलेला अर्धा पैशाच्या आणि पावसाच्या व्यवहाराचा. महिन्याला ३,५०० एका पोराचे, दुसऱ्या पोराला दहा टक्के सूट, तीन महिन्यांची आगाऊ. किट सक्तीचा, कापड बरं आहे. पण जुलैमधे विजा आणि पावसाने जे सेशन बुडले त्यांची भरपाई निम्मीच मिळाली, बाकीचं "ॲडजस्ट करू" म्हणाले ते अजून ॲडजस्ट होतंय. आणि प्रत्येक पोराचा लेखी प्रोग्रेस रिपोर्ट देऊ असं ॲडमिशनला सांगितलेलं, आम्हाला एकदाच मिळाला, त्यातही दोघांच्या रिपोर्टमधे एकच वाक्य कॉपी-पेस्ट. तोंडी विचारलं तर सर इतकं बारीक सांगतात की ऐकत राहावं, डाव्या पायाने पहिला टच सुधारलाय, पण बॉल घेऊन वळताना अजून एकाच बाजूला वळतो, असं. मग तेच चार ओळींत लिहा ना.

एप्रिल-मेमधे दुपारची बॅच घेऊ नका, खोटं गवत तव्यासारखं तापतं. सकाळची सातची बेस्ट. स्टड (म्हणजे फुटबॉलचे बूट) साधे टर्फचे घ्या, बारीक गुठळ्यांचे, लांब स्टडवाले गवताच्या मैदानासाठी असतात, टर्फवर पाय मुरगळतो. बॉल आठच्या खाली तीन नंबर, त्याच्यापुढं बारापर्यंत चार नंबर, "मोठा झाला की पण चालेल" म्हणून पाच नंबर आणू नका.

आणि ज्यांना पोराला थेट मोठ्या क्लबात पाठवायचंय त्यांनी इथं ते आश्वासन शोधू नये, सर देत नाहीत, तोंडावर सांगतात. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडून खेळला, तो क्रीडा प्रबोधिनीतनं (राज्य सरकारची निवासी क्रीडा संस्था) घडला, राहून, वर्षानुवर्षं. नवी मुंबईत घणसोलीला रिलायन्सची निवासी अकादमी आहे, तिथं निवड होऊन जावं लागतं. आठवड्यातनं तीन संध्याकाळी टर्फवर जाऊन एवढं होत नाही, आणि जे होईल म्हणतात ते जाहिरात करतायत. इथं काय होतं, तर पोराला बॉलची भीती राहत नाही, दोन्ही पाय चालायला लागतात आणि मान वर राहते.

पहिलं सेशन फुकट आहे. पालकांना दोरीच्या मागंच थांबवतात आणि ओरडलात तर लहान सर येऊन "काका, प्लीज" म्हणतात, तेवढी तयारी ठेवा. पार्किंग नाही, टू-व्हीलर आणा, आणि संध्याकाळी डास भयंकर असतात, ओडोमॉस लावूनच बसा.