व्हीआर: ॲप बांधू की ब्राउझरवर ठेवू?

डिचोलीच्या मित्राने आपल्या जुन्या जांभ्याच्या घराचं होमस्टे केलं. आत राजांगण, मधोमध तुळशीवृंदावन. पाहुण्यांना हे व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट लावून आत उभं असल्यासारखं, दाखवायचं म्हणून त्याने फोन केला, "ॲप बांधायला युनिटी शिकू की ते ब्राउझरवालं?" मी विचारलं, "बघणारा कुठे बसलेला असणार?"

त्याचे पाहुणे पुण्या-नागपुरात बसून व्हॉट्सॲपवरची लिंक उघडणार. हेडसेट बहुतेकांकडे नाहीच. मग ब्राउझर. थ्री.जेएस किंवा ए-फ्रेम या जावास्क्रिप्टच्या तयार लायब्रऱ्यांनी केलेलं पान फोनवर बोटाने फिरवून बघता येतं, आणि कुणाकडे क्वेस्ट हेडसेट असलाच तर त्याच पानावरचं बटण दाबून तो थेट राजांगणात उभा. पडद्यांचा रंग बदलला तर फाइल सर्व्हरवर चढवायची, झालं. स्टोअरच्या तपासणीची वाट बघणं नाही. पान मात्र एचटीटीपीएसवरच (सुरक्षित जोडणीवरच) हवं, नाहीतर वेबएक्सआर, म्हणजे ब्राउझरला हेडसेटशी जोडणारी सोय, चालूच होत नाही. आयफोनच्या सफारीत वेबएक्सआर नाही, त्यामुळे तिथे बोटाने फिरवण्यावरच भागवायचं. होमस्टेला तेवढं पुरतं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. अशाच एका कामासाठी मी हौसेने नेटिव्ह, म्हणजे हेडसेटमध्येच बसवायचं, ॲप बांधलं होतं. दिसायला देखणं, पण मालकाच्या कपाटातल्या एकुलत्या हेडसेटबाहेर ते कधी गेलंच नाही.

आता उलटं उदाहरण घ्या. तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर पणजीतल्या प्रदर्शनात दाखवायचं आहे. हेडसेट आपले, बघणारे रांगेत. मान वर केली की मंडपाच्या छतातलं दगडी कमळ पाकळीपाकळीने दिसलं पाहिजे. इथे मी डोळे मिटून नेटिव्ह घेईन. क्वेस्टवर सेकंदाला ७२ फ्रेम धरल्या तर दोन्ही डोळ्यांचं चित्र काढायला जेमतेम १३.९ मिलिसेकंद मिळतात. ९० धरल्या तर ११.१. जावास्क्रिप्ट मधेच मेमरी साफ करायला थांबली की एखादी फ्रेम चुकते. फोनवर ते कळतही नाही. हेडसेटमध्ये अख्खं देऊळ हललं असं वाटतं आणि माणसाला गरगरतं. युनिटी किंवा अनरियलमध्ये मेमरी, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), शेडर (रंग-प्रकाश काढणारा कोड) यांवर आपला ताबा जास्त. शिवाय सगळं हेडसेटमध्येच असल्यामुळे नेट गेलं तरी काम अडत नाही. ब्राउझरचं पानही ऑफलाइन ठेवता येतं, पण जागा कमी पडली की ब्राउझर साठवलेलं पुसू शकतो. उद्घाटनाला मंत्री यायचे असताना ही जोखीम कोण घेईल?

शिकण्याचं म्हणाल तर जावास्क्रिप्ट येणाऱ्याचा ए-फ्रेममधला पहिला ठोकळा चहा निवायच्या आत उभा राहतो. युनिटीत पहिला दिवस अँड्रॉइडची साधनं बसवण्यात आणि हेडसेटचा डेव्हलपर मोड चालू करण्यात जातो. नंतरही किरकोळ बदल हेडसेटवर तपासायचा म्हटला की बिल्डची, म्हणजे ॲप पुन्हा तयार होण्याची, वाट बघणं आलंच.

मित्राने ब्राउझर घेतला. पुढे ॲप करायची वेळ आली तर कोड नव्याने लिहावा लागेल, पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं घराचं मॉडेल कामाला येईल. सध्या आमचं भांडण फाइलच्या आकारावरून चाललंय. त्याला तुळशीचं पान न् पान हवंय. मी ड्रॅकोने मॉडेलची जाळी आणि केटीएक्स२ने तिच्यावरची चित्रं (टेक्स्चर) दाबून फाइल लहान करत बसलोय, कारण पाहुणा ट्रेनमध्ये बसून लिंक उघडणार आणि कोकणातल्या बोगद्यांत रेंज जाणार.