जेलॅटिनचा ठोकळा की मटणाचा तुकडा? अल्ट्रासाउंडखाली नर्व्ह ब्लॉक शिकताना

नर्व्ह ब्लॉक म्हणजे नसेजवळ सुईने औषध सोडून तो भाग बधिर करणं. पहिली सुई रुग्णाला टोचून कुणी तो शिकू नये. मग सराव कशावर?

जेलॅटिन स्वस्त पडतं: लिटरभर पाण्यात साधारण 100 ग्रॅम, वर चमचाभर इसबगोल. इसबगोल नसेल तर पडद्यावर ठोकळा काळाभोर दिसतो, सुई त्यात लख्ख चमकते आणि शिकणाऱ्याला उगाच वाटतं, हात बसला. शिवाय सुईची वाट जेलॅटिनमध्ये तशीच राहते. दुसऱ्या खेपेला सुई समजून जुनी रेघच बघितली जाते.

मटणात स्नायूंचे पदर असतात. पदर ओलांडताना बोटाला लागणारा हलका ‘टक्’ तिथेच कळतो, आणि सलाइन सोडलं की पदर सुटे होताना दिसतात. मात्र सिरिंजमधून हवेचा बुडबुडा गेला की खालचं सगळं झाकोळतं. मांस टिकतही नाही.

आमच्या मते प्रोब (अल्ट्रासाउंडचा हातात धरायचा भाग) आणि सुई एका रेषेत ठेवायला जेलॅटिन, औषध सोडायला मटण. टोक दिसत नसताना सुई पुढे रेटणं ही नवख्यांची सर्वांत धोकादायक चूक. ती दोन्हीवर मोजावी. संशोधनाने आधी हेच तपासायला हवं: ठोकळ्यावर कमी झालेली ही चूक रुग्णाजवळही कमी होते का, आणि किती महिने?