मशीन बिघडली: चॅटबॉटला विचारायचं की सेन्सरवाला एआय लावायचा?

चॅटबॉटला एरर कोड, लक्षणं सांगितली की पटापट शक्यता काढून देतो, पण तुम्ही टाकाल तेवढंच त्याला कळणार, आणि मॉडेल नंबर नाही दिला तर भलत्याच मशीनचा कोड छातीठोकपणे सांगून मोकळा होतो. सेन्सरवाली सिस्टिम मशीनवर लावलेल्या सेन्सरनी कंपन मोजून बोलते. मोटर १५०० आरपीएमवर (मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५) फिरतेय आणि २५ हर्ट्झला, म्हणजे दर फेऱ्याला एकदा होणारं कंपन वाढलं तर बहुतेक अनबॅलन्स (फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला जास्त), ५० ला वाढलं तर अलाइनमेंटवर (जोडलेले शाफ्ट एका रेषेत नसण्यावर) संशय, आणि बेअरिंगचा बिघाड तर कानाला कळायच्या आधीच पकडता येतो (हे मला जाम आवडतं). फक्त मशीन धड असतानाचा डेटा हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

एखादीच मशीन असेल तर चॅटबॉट पुरे, जी बंद पडली की अख्खी लाइन थांबते तिला सेन्सरच लावा.