कोबो टूलबॉक्स: गावपाहणीला झकास, पण जातीचा रकाना नीट आखा

समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, शाहूवाडीकडे घरोघर फिरून माहिती गोळा करायची असेल, तर कोबो टूलबॉक्स या पाहणीचे फॉर्म बनवायच्या टूलला आज फुकटात मिळणारा तोडीस तोड पर्याय कमीच. फॉर्म संगणकावर तयार करायचा, मोबाइलवर त्याचं कोबोकलेक्ट हे ॲप घ्यायचं, गावात रेंज नसली तरी भरत जायचं आणि संध्याकाळी वायफायवर पाठवून द्यायचं. कोबोकलेक्ट फक्त अँड्रॉइडवर चालतं. आयफोनवाल्याला ब्राउझरमधला वेबफॉर्म वापरावा लागतो. मोफत खात्याला महिन्याच्या नोंदींची आणि साठवणुकीची मर्यादा असते. दोन-तीनशे घरांच्या पाहणीला ती सहसा आड येत नाही, पण प्रत्येक घराचा फोटो आणि रेकॉर्डिंग घेणार असाल तर जागा आधी तपासा.

फॉर्म ब्राउझरमध्ये ओढून-ठेवून करता येतो, तरी एक्सेलमध्येच करावा. तीन शीट लागतात: सर्व्हे, चॉइसेस आणि सेटिंग्ज. प्रश्नाचं आतलं नाव (उत्तरांचा रकाना ज्या नावाने साठतो ते) छोटं आणि रोमन अक्षरांत ठेवा, मराठी फक्त लेबलच्या रकान्यात. शिरोळ-हातकणंगल्याच्या कानडी बोलणाऱ्या घरांसाठी कन्नड लेबलचा आणखी एक रकाना जोडला की प्रगणकाला मोबाइलवरच भाषा बदलता येते. ‘इतर’ हा पर्याय टूलमधल्या आयत्या सोयीने घेऊ नका. एकाहून जास्त भाषांच्या फॉर्ममध्ये त्याचं ‘तपशील लिहा’ इंग्रजीतच राहतं. चॉइसेसमध्ये ‘इतर’ स्वतः लिहा आणि खाली अट घालून मजकुराचा वेगळा प्रश्न ठेवा. फॉर्म एकदा चालू केल्यावर प्रश्नाचं आतलं नाव बदललंत तर एकाच प्रश्नाची उत्तरं दोन रकान्यांत विभागली जातात, त्यामुळे पंधरा-वीस घरांची चाचणी आधी उरका.

टूलची तक्रार अशी फारशी नाही. अडचण सुरू होते ती त्यात आपण जे साचे घालतो तिथे. जमीन घ्या. दशांश चालणारा एकच रकाना ठेवलात तर ‘एक एकर वीस गुंठे’ कोणी १.२० लिहितो, कोणी १.५. नंतर कोणता आकडा काय होता हे कळायला मार्ग नाही. एकर आणि गुंठे दोन वेगळे पूर्णांक ठेवा आणि गुंठ्यांवर ‘४० पेक्षा कमी’ अशी अट घाला. सातबारा पाहून भरणार असाल तर हेक्टर-आरचा तिसरा रकाना करा, तोंडी आकड्यात तो मिसळू नका. मासिक उत्पन्नाचंही तसंच. ऊसबिल हंगामातून येतं, दूधबिल दहा दिवसांनी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला पगार महिन्याला. ‘महिन्याला किती?’ विचारलं की घरचा माणूस जो आकडा देतो त्यात यातलं नेमकं काय धरलंय, हे त्यालाही सांगता येत नाही. तीन स्रोतांचे तीन प्रश्न आणि प्रत्येकाची आपापली मुदत ठेवली तर बेरीज टूल करून देतं. आणि ‘आपल्या कुटुंबाच्या उत्पन्नाचे प्रमुख स्रोत’ कशाला, ‘घर कशावर चालतं?’ विचारा.

कुटुंब म्हणजे कोण, हेही फॉर्मच्या वरच ठरवून ठेवा. जनगणना एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरते. रेशनकार्ड मात्र एका चुलीवर तीन निघतात, नाहीतर वेगळ्या तीन चुली एकाच कार्डावर असतात. ‘चूल एक आहे का?’ हा पहिला प्रश्न, माणसांची यादी रिपीट गटात (तेच प्रश्न घरातल्या प्रत्येक माणसासाठी पुन्हा विचारणारा गट), आणि पुण्या-मुंबईला असलेल्या मुलासाठी ‘वर्षातले किती महिने घरी’ असा आकडा. कुटुंबप्रमुखाचा प्रश्न असाच जनगणनेतून आलेला. तो विचारलात तर वारलेल्या वडिलांचंही नाव येईल, कारण कार्डावर तेच आहे.

खरा पेच जातीचा. बहुतेक नमुना-फॉर्मांत ‘जात’ हा एकच प्रश्न एकच पर्याय निवडायच्या प्रकारात असतो, खाली दहा-बारा नावांची यादी. ही पद्धत ॲपने आणलेली नाही. १९०१ च्या जनगणनेत आयुक्त रिझ्ले यांनी जातींना सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने लावायला घेतलं आणि देशभरातल्या जातिसभांनी वरची जागा मिळावी म्हणून अर्ज-विनंत्यांचा पाऊस पाडला. नोंद करणाऱ्या यादीने नोंदवल्या जाणाऱ्या माणसालाही वळण लावलं. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, तरी मोजणी त्याच साच्यात झाली. पुढच्याच वर्षी, २६ जुलै १९०२ ला, शाहू महाराजांनी ५० टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवल्या. त्या हुकुमात ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागास धरले होते. वर्गवारी तीही प्रशासनाचीच, पण हेतू आणि रेघ दोन्ही वेगळे. आजच्या ‘मागास’शी तिची सरळ तुलना करणारा तक्ता प्रबंधात घातला तर परीक्षक धरणारच.

मग यादी काढून मोकळा मजकूर ठेवावा? त्याचंही उदाहरण समोर आहे. १९३१ च्या जनगणनेत, जातनिहाय पूर्ण आकडे छापलेल्या शेवटच्या जनगणनेत, ४,१४७ जाती मोजल्या होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीत लोक सांगतील ते लिहून घेतलं, आणि केंद्राने न्यायालयात सांगितल्याप्रमाणे नावं निघाली ४६ लाखांवर. पोटजात, आडनाव, गोत्र, शुद्धलेखनाचे प्रकार, सगळं एकाच रकान्यात. मंडल आयोगाला १९३१ चेच आकडे धरून चालावं लागलं होतं.

तीनशे घरांत हा घोळ हाताने निस्तरता येतो, म्हणून दोन प्रश्न करा. पहिला मोकळा: ‘तुम्ही जात काय सांगता?’ शब्द जसेच्या तसे लिहायचे, ‘९६ कुळी’ म्हटलं तर ‘९६ कुळी’. दुसरा यादीचा: दाखल्यावर प्रवर्ग कोणता? अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, विशेष मागास, ओबीसी, एसईबीसी, खुला, आणि ‘दाखला काढलेला नाही’. हा दुसरा प्रश्न घराच्या पातळीवर न ठेवता माणसांच्या रिपीट गटात घाला. एकाच घरात थोरल्याकडे कुणबी दाखला आणि धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावर मराठा, अशी घरं सापडतात. घरापुढे एकच खूण केली की पाहणीतली सगळ्यात कामाची गोष्ट हातची जाते.

धर्म निवडला की त्याखालच्या जाती दिसाव्यात अशी साखळी कोबोत लावता येते. मोह आवरा. आपल्या भागात लिंगायत कोणी धर्म म्हणून सांगतो, कोणी जात. जैन घरांत चतुर्थ-पंचम अशी पोटजात सांगणारे आहेत. बौद्ध घरात धर्म बौद्ध आणि दाखल्यावर जुनी जात असू शकते, कारण १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. साखळी लावलीत की यातला एखादा पर्याय दिसतच नाही, आणि प्रगणक अडलं की ‘हिंदू’ दाबून पुढे जातो.

प्रगणकावर नजर ठेवायला ‘ऑडिट’ची नोंद चालू करा. कोणत्या प्रश्नावर किती वेळ गेला ते त्यात येतं, आणि एसटी स्टँडवर चहा पीत भरलेले फॉर्म लगेच ओळखू येतात. जीपीएस मूळ सेटिंगनुसार ५ मीटरची अचूकता मिळेपर्यंत थांबतं. गगनबावड्याकडे दाट झाडीत आणि पत्र्याखाली ते लटकतं, तेव्हा अंगणात उभं राहून घ्यायचं किंवा मर्यादा वाढवून ठेवायची. पण जातीसोबत घराचा अचूक बिंदू साठवायची गरज आहे का, हे आधी बघा. पाच-सहाच घरं असलेल्या वस्तीत नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. गावाचा किंवा वाडीचा कोड बहुतेक प्रबंधांना पुरतो.

माहिती उतरवताना एक्सेल प्रकार घ्या. सीएसव्हीत रिपीट गट येतच नाहीत, शिवाय ती फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते. रिपीट गटाची माणसं वेगळ्या शीटवर येतात आणि घराशी क्रमांकाने जोडलेली असतात. हे जोडकाम एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याआधी करा.

मोकळ्या मुलाखतींना मात्र हे टूल घेऊ नका. देवदासी प्रथेवर, गिरणी बंद पडल्यावरच्या इचलकरंजीवर किंवा धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावर बोलणाऱ्या बाईसमोर स्क्रीनवर प्रश्न पुढे सरकवत बसलात तर ती दोन वाक्यांत उत्तर आटोपते. तिथे वही आणि साधा रेकॉर्डर न्या, आणि रेकॉर्डिंगआधी संमती तोंडी विचारून तीही रेकॉर्डरवर घ्या.